जेवढे केस, तेवढी वेणी

सकाळचं उप्पीट खाऊन झालं की आम्ही मुली व्हरांड्यात आगगाडी करून बसायचो. सगळ्यांत पुढे सगळ्यांत लहान, तिच्यामागे तिच्यापेक्षा मोठी, तिच्यामागे आणखी मोठी. प्रत्येकीचे हात पुढचीच्या केसांत आणि स्वतःचं डोकं मागचीच्या ताब्यात. शाळेत लाल रिबिनीच्या दोन वेण्या सक्तीच्या होत्या. तेलाची एकच मोठी बाटली मागून पुढे सरकत यायची. थंडीत ती आधी उन्हात ठेवावी लागे.

आम्ही त्या जागेला होस्टेल म्हणायचो. ‘बालगृह’ हा शब्द फक्त फाटकावरच्या पाटीवर होता. तीन सिस्टर, आम्ही मुली, स्वयंपाकघरातल्या मावशी, एक छोटं चॅपेल आणि अंगणात एक कडुलिंब. उन्हाळ्यात टँकर आला की आंघोळ, नाहीतर हात-पाय धुवायचे. आमच्यातल्या बहुतेकींची घरं शेतकऱ्यांची, मजुरांची, मेंढरांवरची. कुणाची आई गेलेली, कुणाचा बाप, कुणाचं सगळंच. रविवारी चॅपेलमध्ये मिस्साची प्रार्थना असायची. ज्यांना यायचं त्यांनी यावं, बाकीच्यांनी लिंबाखाली अभ्यास करावा. मावशी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात नवरात्रात घट बसवायच्या आणि मोठ्या सिस्टर रोज येऊन धान्य किती उगवलं ते वाकून बघायच्या.

मोठ्या सिस्टर केरळच्या. आमच्या भागात त्यांची उमर गेली होती, तरी त्यांचं मराठी पुस्तकातल्यासारखं होतं. जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधी त्या व्हरांड्यात उभ्या राहून वेणीच्या जोड्या लावायच्या. जिची वेणी मी घालायची, ती वर्षभर माझी. तिचा ताप, तिची हरवलेली चप्पल, तिचा न येणारा सातचा पाढा, सगळं माझ्याकडे. मी दुसरीत असताना चुलत्यानं मला इथं आणून सोडलं. आई गेल्यापासून माझ्या केसांत कुणी कंगवा घातला नव्हता. त्या दिवशी एका दहावीतल्या ताईनं मला पुढ्यात बसवलं आणि उवा काढता काढता विचारलं, “गुळाचा चहा आवडतो का बिनगुळाचा?” असला प्रश्न मला बऱ्याच दिवसांत कुणी विचारला नव्हता. मी आज पदवीधर आहे, शाळेत शिकवते, आणि माझ्या शिक्षणाची सुरुवात कुठून झाली असं कुणी विचारलं तर मला तो प्रश्न आठवतो.

मी नववीत होते त्या वर्षी जोड्या लागून गेल्यावर एक मुलगी आली. शाळा सुरू झाली होती. बालकल्याण समितीच्या बाई तिला जीपमधून घेऊन आल्या. सात-साडेसात वर्षांची, काटकुळी, आणि डोक्याला घट्ट टॉवेल बांधलेला. भूम तालुक्यातल्या एका वस्तीवरची. आई नव्हती, बापानं दुसरं लग्न करून वाट धरली होती. आईची आई, म्हणजे आज्जी, लोकांची मेंढरं राखून हिला सांभाळत होती. माझी आधीची जोडीची मुलगी मामाकडे गेली होती, म्हणून सिस्टरांनी ही मला दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्यापुढे बसली. मी टॉवेल सोडला आणि माझा हात तिथंच थांबला.

तिच्या मानेच्या वरून एक जट सुटली होती. दोरखंडासारखी जाड, कमरेपर्यंत आलेली, हळदीकुंकवानं काळी-पिवळी पडलेली. तिच्या ओझ्यानं मान एका बाजूला झुकलेली. पुढचे केस मात्र मोकळे होते, भुरकट, माझ्या मुठीत मावतील एवढे.

“हात लावू नगं,” ती म्हणाली. “देवीची हाय.”

मागच्या पोरींची आगगाडी तिथंच बंद पडली. एक जण हळूच म्हणाली, “आमच्या गावात पण एकीला आली होती. ती परडी घेऊन फिरती आता.” परडी म्हणजे देवीच्या नावानं जोगवा मागायची वेताची टोपली. आमच्या जिल्ह्यातल्या मुलीला हे समजावून सांगावं लागत नाही. जट आली म्हणजे देवीनं बोलावलं, मग गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी, आणि शाळा सुटली ती सुटलीच.

मोठ्या सिस्टर आल्या. त्यांनी जट बघितली, हात लावला नाही. मुलीसमोर खाली बसल्या आणि म्हणाल्या, “पुढचे केस कुणाचे आहेत?”

मुलीनं विचार केला. “माजे.”

“त्यांची वेणी घालू का?”

“घाला की.”

सिस्टर मला म्हणाल्या, “ही जेवढे केस देईल, तेवढ्याचीच वेणी घाल.”

मग मी तेवढ्याचीच घातली. कपाळावरची उंदराच्या शेपटासारखी एक वेणी, तिला लाल रिबीन. ती रिबीन तिच्या डोळ्यावर यायची आणि ती दिवसभर फुंकर मारून उडवत राहायची.

पहिले काही दिवस मुली तिला भ्यायच्या. मग घटक चाचणी आली. गणिताच्या पेपरच्या सकाळी मी बघते तर दहावीच्या दोघी-तिघी तिच्यापुढे रांगेत उभ्या. एकीनं चिमूटभर साखर तिच्या तळहातावर ठेवली आणि वाकून नमस्कार केला.

“गणितात काढ बाई मला.”

तिनं साखर तोंडात टाकली आणि गंभीरपणे विचारलं, “आब्यास केलाय का?”

“थोडा.”

“मग थोडे मार्क पडतेल.”

नेमक्या त्याच वेळी मोठ्या सिस्टर चॅपेलमधून बाहेर आल्या. सगळ्या पांगल्या. आता बोलणी बसणार असं आम्हाला वाटलं. पण सिस्टर म्हणाल्या, “हिचं उत्तर बरोबर आहे. उद्यापासून साखर मला द्यायची, मी पण हेच सांगेन.”

त्या दिवसापासून कुणी नमस्कार केला नाही. पण शाळेत तिचे हाल होतच होते. तिला मागच्या बाकावर बसवलं होतं, कारण तिच्या जवळ बसायला कुणी तयार नव्हतं. उताणं झोपता यायचं नाही. जटेखाली फोड झाले होते, त्यातून पाणी यायचं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मलम दिलं आणि स्पष्ट सांगितलं, “हे काढल्याशिवाय खालचं बरं होणार नाही.”

मावशी भाकरी थापता थापता म्हणाल्या, “सिस्टरबाई, पोरगी झोपली की कात्री चालवा. सकाळी उठंल तवा देवीनंच नेली म्हणून सांगू. हाय काय अन् न्हाय काय!”

“झोपेत काढली तर ती चोरी झाली, मावशी.”

“आवो, पण तिच्या भल्याचीच चोरी.”

“आणि उद्या तिची आज्जी म्हणेल, सिस्टरांनी आमच्या देवीला हात लावला. मग ती मुलीला घेऊन जाईल. मग?”

मावशींनी भाकरी तव्यावर टाकली. “मग काय, म्या उगं बोलले.”

मलम लावायचं काम माझं होतं. एका दुपारी लिंबाखाली मी तिच्या जटेखाली बोट घालून मलम लावत होते. ती दात-ओठ खाऊन बसली होती. मी सहज म्हणाले, “एवढं दुखतंय तर काढू या की गं. केस परत येतात.”

ती एकदम लांब सरकली. “न्हाय! काडली की आज्जी मरती.”

“कुणी सांगितलं?”

“सांगाय कशाला पायजे? आईला बी जट हुती. बापानं कापली. मग बाळ व्हायच्या टायमाला आई गेली, बाळ बी गेलं. आता माजी काडली तर कोण जाईल? घरात आज्जीच हाय.”

ती हे पाढ्यासारखं म्हणाली. तिचा हिशोब अगदी सरळ होता. तिच्याकडे एकच माणूस उरलं होतं आणि त्या माणसाचा जीव ती आपल्या मानेवर घेऊन चालत होती. नंतर मी ते मोठ्या सिस्टरांना सांगितलं. त्यांनी खिडकीतून तिच्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, “म्हणून तिची मान वाकडी झाली.”

महिन्यातून एक रविवार भेटीचा असायचा. ज्यांच्याकडे कुणी यायचं नाही, त्या मुलींना सिस्टर त्या दिवशी मुद्दाम काम द्यायच्या, म्हणजे फाटकाकडे बघत बसावं लागत नसे. माझ्याकडे पाण्याचा तांब्या असायचा. आलेल्यांना पाणी देता देता मी सगळ्यांच्या घरच्या गोष्टी ऐकायची. कुणाच्या म्हशीला रेडकू झालं, कुणाच्या मामाचं लग्न मोडलं, मला सगळं ठाऊक असायचं.

भाद्रपदातल्या भेटीच्या रविवारी आज्जी आली. उंच, काळीसावळी, नऊवारी, पायांत टायरच्या चपला, कपाळभर कुंकू आणि गळ्यात कवड्यांची माळ. ती आराधीण होती. आमच्याकडे देवीची गाणी म्हणणाऱ्या मेळ्यातल्या बाईला आराधीण म्हणतात. मुलगी धावत गेली आणि तिच्या कमरेला चिकटली. मग थोडं मागे सरून आज्जीच्या तोंडाकडे नीट बघितलं, जसं दूध उतू गेलं नाही ना ते बघावं तसं.

आज्जीनं फडक्यातून भाकरी आणि शेंगाची चटणी काढली. मी पाणी दिलं. ती गटागट प्याली आणि सिस्टरांना म्हणाली, “माय, तुमी माज्या लेकराला लई नीट ठिवलंय. तुमचं भलं हुईल. पण घट बसायच्या आदी म्या तिला न्हीते. औंदा माळ घालायची. देवीनं बोलावल्यालं हाय, टाळता येत न्हाय.”

मोठ्या सिस्टर तिच्याशेजारी व्हरांड्याच्या पायरीवर बसल्या. “शाळा?”

“देवीची पोर शाळंत काय करती, माय?”

“आज्जी, तिला दुखतं.”

“दुखतंय म्हणून देवीला न्हाय म्हणावं? माज्या लेकीनं न्हाय म्हणलं. म्हणजे तिच्या दाल्ल्यानं, हिच्या बापानं म्हणलं. बगितलं न्हवं काय झालं ते?” तिनं गळ्यातली माळ मुठीत घट्ट धरली. मला वाटलं होतं, आज्जी कठोर असेल. ती कठोर नव्हती. ती नातीपेक्षा जास्त भ्यालेली होती.

बोलता बोलता तिनं मायेनं नातीच्या मानेवरून हात फिरवला. मुलगी कळवळली. आज्जीनं हात मागे घेतला तर बोटांना पू लागला होता. ती त्या बोटांकडे बघत राहिली. मेंढराच्या अंगावर लोकर गुंतून चिखलासारखी घट्ट झाली की तिच्या खाली काय होतं, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. पण तिनं पदराला बोटं पुसली. मग अचानक सिस्टरांकडे वळून म्हणाली, “तुमच्या त्या फडक्याखाली काय हाय, माय? तुमाला बी हाय का जट?”

मावशी दारात उभ्या होत्या. त्या फस्सकन हसल्या. “आवो आज्जी, सिस्टरबाईला जट कुठली!”

“तर मग झाकत्यात कशाला?”

मी इतकी वर्षं तिथं होते, पण मोठ्या सिस्टरांचं डोकं मी कधी बघितलं नव्हतं. त्यांनी पिन काढली, ओढणी मागे सरकवली. आखूड, पांढरे, पोरासारखे केस. उन्हात त्या वेगळ्याच कुणीतरी दिसल्या, आमच्यापैकीच एखादीची आज्जी असावी अशा.

“कुणी कापलं?” आज्जीनं विचारलं.

“मी दिले. सिस्टर झाले तेव्हा. खूप लांब होते, गुडघ्याला लागायचे. देवाला देऊन टाकले.”

आज्जी पुढे झुकली. “द्येवाला दिलं? सगळं?”

“सगळे.”

तेवढ्यात मुलीनं विचारलं, “मग तुमची आई मेली का?”

मला वाटलं सिस्टर रागावतील, नाहीतर रडतील. त्या म्हणाल्या, “नाही. रडली मात्र खूप. अजून आहे. रोज रागावते मला.”

“खोटं.”

“खोटं कशाला बोलू? थांब.”

त्यांनी झग्याच्या खिशातून मोबाईल काढला आणि व्हिडिओ कॉल लावला. आधी त्यांच्या भावाचं अर्धं कपाळ दिसलं, मग छपरावरचा पंखा, मग नारळाची झाडं, आणि मग एक म्हातारी आली. पांढरं वस्त्र, कानांच्या पाळ्या लोंबलेल्या, तोंडात एकही दात नाही. तिनं लेकीला उघड्या डोक्यानं बघितलं मात्र, त्यांच्या भाषेत धबधब्यासारखी सुरू झाली.

“काय म्हणत्याती?” आज्जीनं विचारलं.

“म्हणते, तू वाळलीस. तिथं तुला कुणी भात देत नाही का.”

“आँ? देतो की!” मावशी तिथूनच ओरडल्या. “रोजच्याला देतो!”

मुलीनं फोन दोन्ही हातांनी धरला, नाक पडद्याला टेकेल इतका जवळ घेतला आणि विचारलं, “तुमी जित्या हाव ना?”

सिस्टरांनी ते त्यांच्या भाषेत सांगितलं. मग ती म्हातारी इतकी हसली, इतकी हसली की फोन हलून परत छप्पर दिसायला लागलं. हसू आवरल्यावर तिनं मुलीला बघून स्वतःच्या छातीवर हात आपटून दाखवला. हे बघ, वाजतंय.

मग आज्जीनं फोन घेतला. दोघी म्हाताऱ्या बोलायला लागल्या. एक मराठवाडी, एक मलयाळी. दोघींना एकमेकींचं अक्षरसुद्धा कळत नव्हतं आणि दोघीही मधून मधून मान डोलावत होत्या. आज्जी म्हणाली, “लेक लांब दिली तुमी, लई लांब. मनाला कसं समजावलं?” तिकडून काहीतरी लांबलचक उत्तर आलं. आज्जी म्हणाली, “खरं हाय.” सिस्टर मध्ये पडून भाषांतर करायला लागल्या तर आज्जीनंच हात करून थांबवलं.

जाताना आज्जी काहीच कबूल झाली नाही. फाटकाशी वळून एवढंच म्हणाली, “येरमाळ्याला देवीच्या देवळात जाऊन इचारते. तिची वस्तू हाय, तिलाच इचारलं पायजे.”

पुढचे दिवस मला नीट आठवतात, कारण मी आयुष्यात पहिल्यांदा फाटकाकडे बघायला लागले होते. मावशींनी घटासाठी माती आणली. घट बसायच्या आदी न्हीते, असं ती म्हणाली होती. मी रोज सकाळी उंदराच्या शेपटाची वेणी घालायची आणि मनात म्हणायची, ही शेवटची तर नाही ना. मुलगी मात्र वेगळ्याच कामात होती. ती जटेला हात लावून बघायची, मग हात छातीवर ठेवायची. एकदा म्हणाली, “सिस्टरच्या आईचं लई वाजतंय. आज्जीचं बी तसंच वाजतंय का, ते बगायचं ऱ्हायलं.”

घट बसायला एक-दोन दिवस होते तेव्हा आज्जी आली. वार भेटीचा नव्हता. शाळेला सुट्टी होती म्हणून आम्ही अंगणातच होतो. तिच्या एका हातात परडी होती, दुसऱ्या हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी. परडी दिसली आणि मी मुलीचा हात धरला.

तिनं पाणी घेतलं नाही. सरळ मोठ्या सिस्टरांसमोर उभी राहिली.

“माय, म्या देवळाच्या पायरीवर बसून लई विचार केला. जावळ आपुन काडतो का न्हाय? पोटच्या लेकराचं पयलं केस काडून देवाला देतो, तवा देव रागावतो का? न्हाय, खुश हुतो. मग जट बी तिचीच हाय. तिची तिला म्हागारी देते. पोरगी मला ऱ्हाऊ दी म्हणलं. माज्या लेकीच्या बारीला दाल्ल्यानं रागानं कापली आन् उकिरड्यावर टाकली. तसं न्हाय करायचं. हळद-कुंकू लावून, परडीत घालून, मी सोता न्हीऊन द्यायची.”

“देवी काय म्हणाली?” मावशींनी विचारलं.

“न्हाय म्हणली न्हाय.”

तिनं फडकं सोडलं. आत मेंढरांची लोकर कातरायची कातर होती, धार लावलेली.

सिस्टर मुलीपुढे बसल्या. पहिल्या दिवशी बसल्या होत्या तशाच. “हे केस देतेस का?”

मुलीनं जट दोन्ही हातांनी धरली. आज्जीकडे बघून म्हणाली, “तू मरशील.”

“न्हाय मरत.”

“मला मागचं दिसत न्हाय. मला कसं कळंल?”

मग मुलीनंच तोड काढली. “तू गाणं म्हण. थांबू नगं. म्हंजी मला कळंल.”

तर मग आमच्या त्या अंगणात, चॅपेलच्या दारासमोर, लिंबाखाली, आज्जीनं देवीचं गाणं सुरू केलं. मुलगी माझ्या मांडीवर तोंड खुपसून पडली होती. तिची बोटं माझ्या दंडात रुतली होती. आज्जी मागे बसून कातर चालवत होती, कातडीच्या अगदी जवळून, हळूहळू. कातरीचा कर्रकर्र आवाज आणि वर ते गाणं. मावशी टाळ्यांनी ठेका धरायला लागल्या. दोन धाकट्या सिस्टर दारात येऊन उभ्या होत्या, त्यांचे ओठ हलत होते. त्या त्यांची प्रार्थना म्हणत असाव्यात.

मध्येच गाणं तुटलं.

मुलगी किंचाळून उठली. अर्धी जट लोंबत असताना गर्रकन फिरली. आज्जी खोकत होती. “आगं, ठसका लागला! लोकर गेली नाकात!”

“लोकर न्हाय, केस हायती!” मुलगी रडत ओरडली. “म्हण!”

“म्हणते माय, म्हणते.”

आणि ती पुन्हा गायला लागली, मुलगी या वेळी बसूनच राहिली. आता आम्ही मुलीही म्हणायला लागलो. ते गाणं आमच्यातल्या निम्म्या जणींना घरून येत होतं. शेवटचा केस तुटला तेव्हा मुलीची मान आपोआप वर आली आणि तोल जाऊन ती मागे पडली. इतक्या दिवसांचं ओझं गेल्यावर डोकं कुठं ठेवायचं, ते मानेला कळत नव्हतं. आज्जीनं जट परडीत ठेवली, हळद-कुंकू वाहिलं, वर पदर झाकला. सिस्टरांनी फोडांना मलम लावलं. मग आज्जीनं पाणी मागितलं आणि मी तांब्या भरून दिला. ती इतकी घाईघाईनं प्याली की निम्मं पाणी कवड्यांवर सांडलं.

त्याच दुपारी ती परडी घेऊन गेली. जाताना नातीला म्हणाली, “दसरा झाल्यावर रयवारी येते.”

ते नवरात्र आमच्या सगळ्या होस्टेलनं श्वास धरून काढलं. मुलीचं डोकं हलकं झालं होतं, ती उताणी झोपायला लागली, शाळेत तिला पुढच्या बाकावर जागा मिळाली. पण ती हसली नाही. मावशींच्या घटातलं धान्य वीत-वीत वाढलं, तिनं त्याकडे बघितलं नाही. मोठ्या सिस्टरांनी वस्तीवर कुणाचा फोन लागतो का ते बघितलं, लागला नाही. आणि मला कळलं की आम्ही सगळ्या, सिस्टरसुद्धा, तिच्यासारख्याच भ्यालो आहोत. म्हाताऱ्या माणसाचं काय सांगावं? उन्हातान्हाचं चालणं, एसटीचा प्रवास. देवीचा काही संबंध नसतानाही काही झालं असतं, तर त्या पोरीला आयुष्यभर कुणी समजावू शकलं नसतं.

तो रविवार उजाडला. भूमची बस आली. उतरणाऱ्यांत आज्जी नव्हती.

मुलगी फाटकाच्या गजांना धरून उभी राहिली. जेवायची घंटा झाली, ती हलली नाही. मी तांब्या घेऊन तिच्याशेजारी उभी राहिले. हळूहळू एकेक मुलगी ताट घेऊन तिथं आली. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. आम्ही सगळ्या फाटकाशी मातीत बसून जेवलो, मोठ्या सिस्टरपण. मावशी वरण वाढायला फाटकापर्यंत आल्या आणि कुणाला काही बोलल्या नाहीत, हे मावशींच्या स्वभावाला धरून अजिबात नव्हतं.

उन्हं कलली तेव्हा रस्त्यावर एक टमटम थांबली. आधी परडी दिसली, मग टायरची चप्पल.

“बस चुकली की माय!” आज्जी लांबूनच ओरडत आली. “एक शेळी व्याली हुती मालकाची, सोडून कसं यावं? दोन करडं झाली. आँ? आन् तुमी सगळ्या इथं काय करायलाव? कोण मेलंय का काय?”

मुलगी फाटकातून सुटली. तिनं आज्जीला मिठी मारली नाही. तिच्या कवड्यांची माळ बाजूला सारून छातीला कान लावला. बराच वेळ ऐकलं. मग म्हणाली, “श्वास घे.”

आज्जीनं घेतला.

“आनखी येक.”

आज्जीनं आणखी एक घेतला. तिचे डोळे वाहत होते. मग मुलगी मागे वळून आमच्याकडे बघून म्हणाली, “मला भूक लागली.”

त्या दिवशी आज्जीनं फडक्यातून भाकरी काढल्या त्या दोन वेगळ्या बांधलेल्या होत्या. एक तिनं नातीला दिली. दुसरी माझ्यापुढे धरली. “तू न्हवं का येणी घालतीस हिची? घी. तुला बी कोण तर पायजे की यायला.” मी तांब्या खाली ठेवला. त्यानंतर दहावी होऊन मी तिथून बाहेर पडेपर्यंत भेटीच्या रविवारी माझ्याकडे पाण्याचं काम राहिलं नाही. मी भेटायला आलेल्यांच्या रांगेत बसायची.

सकाळच्या आगगाडीत मुलगी माझ्यापुढे बसायची, जरी मागे वेणी घालण्याजोगं काही नव्हतं. उंदराचं शेपूट तेवढं कपाळावर. बाकीच्या डोक्यावरून मी तेलाचा हात फिरवायची. हिवाळ्यापर्यंत कापसासारखे नवे केस आले.

सिस्टरांच्या मदतीनं मी धाराशिवला कॉलेज केलं. आमच्या सगळ्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. पदवीचा कागद हातात आला त्या दिवशी होस्टेलच्या लिंबाखाली फोटो काढला. एका बाजूला मोठ्या सिस्टर, दुसऱ्या बाजूला कवड्यांची माळ घातलेली आज्जी, तिनं त्या दिवसासाठी नवी नऊवारी नेसलेली. आता माझ्या वर्गात एखादी मुलगी मान वाकडी करून बसली, की मी आधी तिच्याजवळ जाऊन बसते. आधी विचारते, घरी कोण कोण असतं.

माझी जोडीची ती मुलगी आता नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. परवा मला भेटायला आली होती. तिच्या पाठीवर जाड वेणी आहे. जेवताना तिनं फोन लावून ताटाशेजारी ठेवला. वस्तीवर आता नीट रेंज येते.

“आज्जी, काय करायलीस?”

पलीकडून मेंढरांचा आवाज आला, मग आज्जीचा. हा प्रश्न ती इतकी वर्षं ऐकत आली आहे आणि उत्तरही तेच आहे.

“श्वास घ्यायले, माय. तू जेव.”